व्याधाच्या घरची चूल
('शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायाचे एक वाचन)

गेल्या रब्बी हंगामातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती. मंडळी आपापल्या वाड्यावस्त्यांकडे निघाली होती. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शेतकरी मात्र चर्चच्या ओट्यावर रेंगाळत राहिला. त्याला एक सल्ला हवा होता. शहरातील कोणी गृहस्थ आपले वापरलेले 'कंपाउंड' धनुष्य विकावयास काढीत होते. ते घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यावयाचे तर त्यात काय पाहून घ्यावे? धनुष्य कशासाठी हवे, असे आम्ही विचारले. तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "हरणासाठी, फादर. पाच एकरांतला हरभरा. रोज रातच्याला कळप येतो अन् शेंडे खुडून जातो."

आम्ही त्यास कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये हरणाची शिकार हा गुन्हा आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या माळांवर जे हरीण दिसते, ज्याच्या नरास आपण काळवीट म्हणतो, त्यास तर या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, या अपराधास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. तरुणाने सारे शांतपणे ऐकून घेतले व तो म्हणाला, "कायदा मला ठाऊक हाय, फादर. पण हरणाला ठाऊक हाय का?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. धर्मगुरूंच्या सवयीप्रमाणे आम्ही दृष्टान्ताकडे वळलो. याच जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही आख्यायिका येथील लहान मूलही जाणते. तीच आम्ही त्यास ऐकविली. तो हसला. "नामदेवाची एक भाकर गेली, फादर. माझं वर्ष जातंय."

त्या दिवशी तो गेला. परंतु त्याचे वाक्य आमच्यापाशी राहिले. धनुष्य आणि हरीण यांच्या कथा आपल्या वाङ्मयात थोड्याथोडक्या नाहीत. त्यांपैकी एखादी या तरुणापुढे टिकेल काय, या शोधात आम्ही पुन्हा वाचू लागलो, आणि वाचता वाचता येऊन थांबलो ते श्रीधरस्वामी नाझरेकरांच्या 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायापाशी. महाशिवरात्रीस औंढा नागनाथाच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या घरी हा अध्याय वाचला जातो. त्यांच्या ओसरीवर बसून तो आम्हीही ऐकलेला आहे. कॅथलिक धर्मगुरूने या ग्रंथाविषयी का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगून ठेवले आहे. शिवाय ओवी ही आपल्यालाही परकी नाही. १७१८ मध्ये श्रीधरांनी बारामतीस 'शिवलीलामृत' पूर्ण केले, त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' याच ओवीछंदात छापले गेले होते. एकाच छंदाचे आपण वारसदार आहोत. तेव्हा शेजाऱ्याचा ग्रंथ आदराने, पण डोळे उघडे ठेवून वाचण्यास हरकत नसावी.

प्रथम कथा. एक व्याध आहे, पशुपक्ष्यांची हत्या हीच त्याची उपजीविका. माघ वद्य चतुर्दशीस तो शिकारीस निघतो. वाटेत सजविलेले शिवालय आणि भक्तांची गर्दी पाहून तो त्यांची टवाळी करतो. दिवसभर वणवण करूनही त्यास काही मिळत नाही. रात्री तो जलाशयाकाठच्या एका बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो, आणि दृष्टीआड येणारी पाने खुडून खाली टाकीत राहतो. झाडाखाली शिवलिंग आहे हे त्यास ठाऊक नाही. पहिल्या प्रहरी एक गाभण हरिणी पाण्यावर येते. तो धनुष्य ओढतो. हरिणी बोलू लागते. मला मारू नकोस, मी प्रसूत होऊन येते, असे ती म्हणते. न आले तर मला अमुक पापे लागोत, अशा शपथा वाहते. व्याध तिला जाऊ देतो. पुढे रात्रभरात दुसरी हरिणी, मृग, पाडसांची माता अशी एकेक येतात, आणि प्रत्येक जण परत येण्याचे वचन देऊन जातो. पहाटे सारी खरोखरच परत येतात व 'आधी मला मार' म्हणून एकमेकांपुढे होतात. व्याधाचे मन पालटते, तो त्यांना वंदन करतो आणि सर्वांचा उद्धार होतो. आकाशातील मृग नक्षत्र आणि त्यामागून उगवणारा व्याधाचा तारा यांच्याशी मराठी माणसाने या कथेचे नाते जोडले आहे. ज्या मृगावर आपला शेतकरी पेरणीचा हिशेब मांडतो, तोच हा मृग.

आता या कथेचे सामर्थ्य कशात आहे? रूढ उत्तर असे की, नकळत घडलेल्या व्रताचेही फळ मिळते, हे या कथेचे सार होय. उपवास घडला, जागरण घडले, बिल्वपत्रे वाहिली गेली. ग्रंथाचा हेतू निःसंशय तोच आहे. परंतु आमच्या मते कथेचा प्राण दुसरीकडे आहे, आणि तो आम्हांस त्या तरुणाच्या धनुष्यामुळेच उमगला.

त्याच्या आग्रहावरून आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका धनुर्विद्या प्रशिक्षकांना भेटलो. कंपाउंड धनुष्य म्हणजे काय, हे त्यांनी समजावून सांगितले. साधे धनुष्य जितके मागे ओढावे तितके जड होत जाते. पूर्ण ओढीला सगळा भार बोटांवर व खांद्यावर येतो, आणि त्या अवस्थेत माणूस काही क्षणच स्थिर राहू शकतो. अमेरिकेतील मिझुरी प्रांतातल्या हॉलेस विल्बर ॲलन या गृहस्थांनी १९६० च्या दशकात धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसविल्या. त्यांचे स्वामित्वपत्र १९६९ चे आहे. या विकेंद्री कप्प्यांची करामत अशी की, ओढीच्या मध्यावर भार सर्वाधिक असतो आणि ओढ पूर्ण होताच तो एकदम उतरतो. साठ पौंडांचे, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंचे धनुष्य असेल व भारात ऐंशी टक्के सूट असेल, तर पूर्ण ओढीला हातावर जेमतेम साडेपाच किलो उरतात. म्हणून नेम धरून अधिक वेळ थांबता येते. अमेरिकेत जेथे हरणांची शिकार ठरावीक हंगामात परवान्याने करता येते, तेथे शिकारी हे धनुष्य त्यासाठीच पसंत करतात. आपल्या देशात ते क्रीडेचे साधन आहे, आणि त्या क्रीडेत महाराष्ट्राने मोठे नाव कमाविले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी ही सतरा वर्षांची मुलगी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही वैयक्तिक विजेते ठरले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळविले. त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे.

वापरलेले धनुष्य घेताना काय पाहावे, हेही प्रशिक्षकांनी सांगितले. भुजांवर बारीक चिरा आहेत काय, हे बोटांनी व कापसाचा बोळा फिरवून पाहावे. चीर असेल तेथे कापसाचे तंतू अडकतात. दोरीचे धागे विसविशीत झाले आहेत काय, कप्प्या वाकल्या आहेत काय, तेही पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओढीची लांबी. ती घेणाऱ्याच्या हाताच्या मापाची नसेल तर धनुष्य कितीही चांगले असो, त्याच्या उपयोगाचे नाही. आणि मागील मालकाने बाण न लावता दोरी सोडली होती काय, हे अवश्य विचारावे. रिकाम्या धनुष्याची दोरी सोडली की बाणात जावयाची सारी शक्ती धनुष्यातच फिरते आणि त्याच्या भुजा तडकतात. "म्हणून नवशिक्याला आम्ही बाण सोडण्याबरोबरच ओढलेली दोरी सावकाश परत आणायलाही शिकवतो," असे ते म्हणाले. "ते बाण सोडण्यापेक्षा अवघड आहे."

हे वाक्य कानी पडताच आम्हांस श्रीधरांचा व्याध आठवला. त्याचे धनुष्य कप्प्यांचे नव्हते. ते वेळूचे वा लाकडाचे असणार. ते पूर्ण ओढून कोणी हरिणीचे लांबलचक भाषण ऐकू शकत नाही. हरिणी आपली पूर्वकथा सांगते, शपथांमागून शपथा वाहते. एवढा वेळ व्याधाचा हात ताणलेला राहणे शक्य नाही. म्हणजे तिला जाऊ देण्यापूर्वी, तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी, किंबहुना ती काय म्हणते हे कळण्यापूर्वीच त्याने दोरी सैल सोडली असली पाहिजे. ऐकावयाचे तर दोरी सैल सोडावीच लागते. श्रीधरांनी हे शब्दांत सांगितलेले नाही, सांगण्याची गरजही त्यांना वाटली नसेल. धनुष्य हाती घेतलेला त्यांच्या काळचा श्रोता ते आपोआप समजला असेल. व्याधाचा पालट पहाटे झाला असे ग्रंथ म्हणतो. आमच्या मते तो पहिल्या प्रहरीच, दोरी सैल झाली तेव्हाच सुरू झाला, आणि प्रत्येक प्रहरी तीच अवघड कृती त्याला पुन्हा करावी लागली. चार प्रहरांची ही पुनरावृत्ती काहींना कंटाळवाणी वाटते. आम्हांस ती कथेतील सर्वांत खरी गोष्ट वाटते. मनुष्य एका दयेने पालटत नाही. तीच दया त्यास रात्रीतून अनेकदा करावी लागते.

या कसोटीवर धनुष्य-हरणाच्या इतर प्रसिद्ध कथा लावून पाहाव्यात. महाभारतातील पांडुराजा मैथुनमग्न मृगयुगुलावर बाण सोडतो. तो मृग म्हणजे किंदम ऋषी असतो, आणि मरताना तो राजाला शाप देतो. येथेही हरीण बोलते. पण बाण लागल्यावर. त्याची तक्रार शिकारीबद्दल नाहीच, राजा थांबला नाही एवढीच आहे. 'शाकुन्तला'च्या प्रारंभी दुष्यन्त धनुष्य सज्ज करून हरणामागे रथ पिटाळतो, आणि आश्रमाचे तपस्वी त्यास अडवितात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून हा प्रसंग मराठी मनाच्या परिचयाचा आहे. राजा तत्काळ बाण आवरतो. प्रसंग देखणा आहे. परंतु बारकाईने पाहता येथे हरीण बोलत नाही, त्याच्या वतीने माणसे बोलतात. आणि मुख्य म्हणजे राजाला भूक नाही. त्याची मृगया करमणुकीची. बाण भात्यात परत ठेवल्याने त्याचे काहीच जात नाही, उलट आशीर्वाद मिळतो. श्रीधरांच्या व्याधाचे मात्र प्रत्येक प्रहरी एकेक जेवण जाते. म्हणून नाट्यदृष्ट्या 'शाकुन्तला'चा प्रसंग श्रेष्ठ असला, तरी नीतिदृष्ट्या व्याधाची कथा आम्ही वरच्या पायरीवर ठेवतो.

आपल्या पवित्र शास्त्रातही अशी एक कथा आहे. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात वृद्ध इसहाक थोरल्या एसावास म्हणतो की, आपला भाता व धनुष्य घेऊन रानात जा आणि माझ्यासाठी शिकार आण. एसाव जातो. कथा मात्र त्याच्याबरोबर रानात जात नाही. ती घरीच, चुलीपाशी थांबते. रिबेका कळपातील दोन करडे रांधते, याकोब ते ताट पित्यापुढे ठेवतो, आणि आयुष्यभर शिकारीची गोडी असलेल्या इसहाकास फरक कळत नाही! लेखकाने येथे एक शब्दही अधिक लिहिलेला नाही, तरी आम्हांस तो मंद हसत असल्यासारखा वाटतो. ज्या चवीसाठी थोरल्याला रानोमाळ पाठविले, ती घरच्या चुलीवरही साधत होती. तथापि या कथेत हरीण कोठेच दिसत नाही. त्याचा शोध चालू असताना एका भावाचा आशीर्वाद दुसऱ्याकडे जातो, आणि दोन भावांत वैर येते. धनुष्य, भूक आणि घर यांचा संबंध ज्या ग्रंथकाराने नेमका ओळखला, तो हा.

आणि येथेच श्रीधरांच्या कथेचे उणे लक्षात येते. दोन गोष्टींचा उल्लेख केला पाहिजे. पहिली अशी की, त्यांची हरिणी ही निव्वळ हरिणी राहत नाही. ती पूर्वजन्मी स्वर्गातील अप्सरा होती आणि शापामुळे या योनीत आली, असे कळताच आपली सहानुभूती थोडी पातळ होते. मारू नये ते ती हरिणी आहे म्हणून, की ती मूळची अप्सरा आहे म्हणून? पाडसासाठी तळमळणारी मादी हेच कारण पुरेसे होते. ग्रंथकाराला त्यावर विसंबावेसे वाटले नाही.

दुसरे उणे अधिक गंभीर आहे, आणि ते आमचे नव्हे, त्या तरुणाचे निरीक्षण आहे. पुढल्या रविवारी आम्ही त्यास ही कथा सविस्तर सांगितली. दोरी सैल सोडण्याचा आमचा अर्थही, काहीशा अभिमानाने, सांगितला. त्याने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, "त्या व्याधाची बायकापोरं घरी उपाशीच होती ना? त्या रातीला त्यांनी काय खाल्लं?"

आम्ही पुन्हा ग्रंथ उघडला. व्याध स्वतः हरिणीला सांगतो की आपले कुटुंब उपाशी आहे. ही भूक कथेच्या आरंभी स्पष्ट नोंदविलेली आहे. तीवाचून व्याधाच्या दयेला मोलच राहिले नसते. परंतु शेवटी विमान येते ते व्याधासाठी आणि हरणांसाठी. घरी वाट पाहणाऱ्यांचे काय झाले, याविषयी ग्रंथ मूक आहे. ज्या भुकेच्या आधाराने कथा उभी राहिली, तीच कथा संपताना विसरली गेली. अनेक वर्षे हा अध्याय आम्ही ऐकत आलो. पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. याचे कारण उघड आहे. आम्ही कथा ऐकतो ती भरल्या पोटी.

हे केवळ एका पोथीचे उणे आहे असे कोणी समजू नये. आमच्या मराठवाड्याच्या माळांवर हरणाला फास लावून पकडणारे खरेखुरे व्याध होते, ते म्हणजे फासेपारधी. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातींची यादी सुरू केली, तीत पारध्यांनाही घातले. स्वतंत्र भारताने तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला. पुढे १९७२ च्या अधिनियमाने हरीण वाचले. पण त्याच कायद्याने पारध्याचा पिढीजात धंदा गुन्हा ठरला. हरीण वाचावयासच हवे होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. त्या वर्षी कायदा झाला नसता तर आज आमच्या माळावर काळवीट दिसले असते की नाही, कोण सांगावे. परंतु व्याधाला धनुष्य खाली ठेवावयास सांगणाऱ्यांनी त्याच्या घरच्या चुलीकडे पाहिले नाही, हेही तितकेच खरे. पारध्याच्या पालावर पोलिसांची धाड आणि मुलांना शाळेच्या पटावर जागा मिळण्याची मारामार, ही त्या विसराची फळे होत. श्रीधरांच्या कथेत जे राहून गेले तेच आमच्या व्यवहारातही राहून गेले.

तरुण शेतकऱ्याची अडचण याच जातीची आहे. कायदा त्यास सांगतो, मारू नकोस. कथा सांगते, मारू नकोस. त्याचा धर्मगुरूही तेच सांगतो, आणि योग्य तेच सांगतो. अनुसूची एकच्या बाहेरील प्राण्यांबाबत, उदाहरणार्थ रोही, उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी मागता येते. काळविटाला तीही तरतूद लागू नाही. उरतो तो नुकसानभरपाईचा मार्ग. त्यासाठी अर्ज, पंचनामा, सात-बारा, बँकेचे पासबुक. आणि हे सारे पीक उभे असताना, कामाचे दिवस मोडून. दयेचा खर्च एकट्या व्याधाने सोसावा आणि पुण्य मात्र ऐकणाऱ्या सर्वांनी वाटून घ्यावे, ही वाटणी न्यायाची नाही.

आमच्या मते या कथेचे खरे वाचन म्हणूनच दोन भागांचे आहे. पहिला भाग श्रीधरांनी लिहिला. दोरी सैल सोड, समोरचा जीव काय म्हणतो ते ऐक. तो भाग अजरामर आहे आणि कोणत्याही धर्माच्या माणसाने शिरोधार्य मानावा असा आहे. दुसरा भाग लिहावयाचा राहिला, तो श्रोत्यांनी पूर्ण करावयाचा आहे. ज्याने आमच्या सांगण्यावरून धनुष्य खाली ठेवले, त्याच्या घरी त्या रात्री भाकरी कोणी पोचविली?

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जलप्रलयानंतर परमेश्वराने मेघांत आपले 'धनुष्य' ठेवले, असे उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे. मूळ हिब्रू शब्द युद्धाच्या धनुष्यालाही तोच. मराठीतही आपण त्यास इंद्रधनुष्यच म्हणतो. परमेश्वराने आपले धनुष्य टांगून ठेवले, असा त्या प्रतिमेचा अर्थ काही भाष्यकार करतात. परंतु ते धनुष्य टांगण्यापूर्वीच, आठव्या अध्यायाच्या शेवटी, दुसरे एक वचन दिलेले आहे. पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी खंडित होणार नाही, असे ते वचन होय. धनुष्य खाली ठेवणे आणि पिकाची हमी या दोन गोष्टी शास्त्राने एकमेकींच्या शेजारी ठेवल्या आहेत. आम्ही मात्र त्या वेगळ्या करून वाचतो.

त्या तरुणाने धनुष्य घेतले नाही. आमच्या प्रवचनामुळे नव्हे. प्रशिक्षकांनी ते तपासले तेव्हा खालच्या भुजेवर एक बारीक चीर निघाली, आणि ओढीची लांबीही त्याच्या हाताला मोठी होती. एवढेच कारण. पण त्यानंतर आमच्या धर्मग्रामातील काही जणांनी एक साधी व्यवस्था केली. त्याच्या अर्जाची कागदपत्रे एका शिक्षकांनी बसून भरून दिली. दोन शेजाऱ्यांनी, त्यांपैकी एक औंढ्याच्या यात्रेला न चुकता जाणारे, आळीपाळीने त्याच्याबरोबर जागलीला जाण्याचे ठरविले. एका रात्री आम्हीही गेलो.

मार्गशीर्षाची थंडी होती. मचाणावर आम्ही तिघे घोंगडी पांघरून बसलो होतो. मृग नक्षत्र डोक्यावर आले होते, त्याच्या पोटातील बाणाचे तीन तारे स्पष्ट दिसत होते, आणि खाली व्याध चमकत होता. दुसऱ्या प्रहराच्या सुमारास कळप आला. विजेरीच्या झोतात त्यांचे डोळे प्रथम दिसले. एक मादी पुढे होती, तिच्यामागे अर्धवट वाढलेले पाडस. आमचा तरुण काही क्षण काहीच बोलला नाही. मग त्याने पत्र्याचा डबा बडविला, आणि सारा कळप उड्या घेत बांधापलीकडे गेला. पहाटेपर्यंत ती हरणे आणखी दोन वेळा आली, व दोन्ही वेळा आम्ही आळीपाळीने डबा वाजविला. हरभरा सगळा वाचला नाही, पण बराच वाचला.

शिवरात्रीचा जागर आणि शेतकऱ्याची जागल हे शब्द एकाच धातूचे आहेत, हे आम्हांस त्या रात्री प्रथम जाणवले. श्रीधरांचा व्याध जागला तो एकटा. म्हणून त्याच्या दयेचा सारा भार त्याच्या एकट्याच्या घरावर पडला. त्याच्या शेजारी त्या झाडावर आणखी दोघे बसले असते, आणि कोणी त्याच्या घरी चार भाकरी देऊन आले असते, तर विमान आले नसते तरी कथा पूर्ण झाली असती. पुढील महाशिवरात्रीस हा अध्याय शेजारच्या ओसरीवर वाचला जाईल तेव्हा आम्ही तो ऐकण्यास जाणार आहोत. वाचन संपल्यावर त्या तरुणाचा प्रश्न तेथे विचारण्याचाही आमचा विचार आहे. शेजारी रागावणार नाहीत, अशी आम्हांस खात्री आहे. त्यांच्याही शेतात हरणे येतात.